सगळेच तारे तीन टक्के? (धूळ, ध्रुवण आणि फाय शर्मिष्ठा)

दुर्बीणवाला (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. थोडं लांबण लागणार आहे, तेव्हा घाईत असाल तर खालचे आकडे आधी बघा.

ताऱ्यातून निघणारा उजेड साधारणपणे अध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं सगळ्या बाजूंना सारखीच असतात. पण तारा लांबचा असेल आणि वाटेत आंतरतारकीय धूळ असेल तर तोच उजेड आपल्यापर्यंत येताना थोडा ध्रुवित होऊन येतो, एका दिशेचं कंपन किंचित जास्त. किंचित म्हणजे किती? बहुतेक ताऱ्यांत एक-दोन टक्के, फार धूळ असेल तर पाच-सहा. हे वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता की आपल्या दुर्बिणीतून हे मोजता येईल का.

तारा निवडला फाय शर्मिष्ठा (शर्मिष्ठा म्हणजे कॅसिओपिया तारकासमूह). पाचव्या प्रतीचा, हजारो प्रकाशवर्षं लांब, ध्रुवण ३.३ टक्क्यांच्या आसपास, आणि ध्रुवण मोजणारे लोक त्याला प्रमाण तारा म्हणून वापरतात. विषुववृत्तीय माउंटवर न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण), कॅमेऱ्याच्या पुढ्यात पोलरायझर (एकाच दिशेचं कंपन जाऊ देणारा फिल्टर), त्याच्या कडेवर मी पेनानं अंश आखलेत. ०, ४५, ९०, १३५ अशा चार कोनांत फोटो, प्रत्येक कोनाचे वीस, आणि हा सगळा फेरा तीनदा. मग ताऱ्याची तेजस्विता काढून चार कोनांतला फरक बघायचा.

पहिल्याच रात्री ३.३ टक्के आले! नाचायचाच बाकी होतो. मग शहाणपण सुचलं, की ज्या ताऱ्यात ध्रुवण असूच नये असा एखादा मोजून बघू. अभिजित २५ प्रकाशवर्षांवर, श्रवण १७ वर. मध्ये धूळ जवळजवळ नाहीच. तर आकडे असे (कोन फिल्टरवरच्या खुणेनुसार, आकाशाशी त्याचा संबंध नाही):

अभिजित: ३.१ टक्के, कोन २ अंश
श्रवण: ३.३ टक्के, कोन १७८ अंश
फाय शर्मिष्ठा: ३.३ टक्के, कोन ३२ अंश

म्हणजे सगळेच तारे तीन टक्के. शिवाय अभिजित आणि श्रवण यांच्या कोनांची सरासरी ९० येते, तेही समजत नाही. कुठे चुकतंय?

साडेसाती

तुमच्या आरशावर धूळ बसलीय. आंतरतारकीय नव्हे, घरची.

नुस्ताचवाचक

विषय भारी आहे. एक बाळबोध प्रश्न विचारतो. धुळीचे कण म्हणजे बारीक सुया, आणि आकाशगंगेचं चुंबकीय क्षेत्र त्यांना होकायंत्राच्या सुईसारखं एका दिशेला वळवतं, असंच ना? मग त्या सुयांच्या फटींतून ज्या दिशेचं कंपन जाऊ शकतं तेवढंच पुढे येतं. कुंपणाच्या उभ्या गजांतून दोरी हलवली की उभ्याच लाटा पलीकडे जातात, तसं.

खडूफळा

@नुस्ताचवाचक, बाळबोध अजिबात नाही. मात्र तुमच्या एका परिच्छेदात दोन चुका आहेत, दोन्ही नव्वद नव्वद अंशांच्या. त्यामुळे उत्तर बरोबर येतं! परीक्षेत असे पेपर तपासताना फार वैताग यायचा.

पहिली चूक कुंपणाची. उजेडाचं कंपन म्हणजे विद्युत क्षेत्राचं कंपन. गजांच्या दिशेनं कंप पावणारं विद्युत क्षेत्र गजांतल्या इलेक्ट्रॉनांना लांबवर पळवतं आणि तिथेच खर्ची पडतं. आडवं कंपन मात्र सुटतं, कारण गजाच्या जाडीत इलेक्ट्रॉनांना पळायला जागा नाही. पोलरॉइड चष्म्यातही हेच होतं. प्लास्टिकचे लांब रेणू ताणून एका दिशेला केलेले असतात, त्यांना आयोडीन चिकटवलेलं असतं, आणि जी दिशा ताणाची, तिकडचं कंपन शोषलं जातं. दोरीचं कुंपण पाठ्यपुस्तकांतून कायमचं हद्दपार करायला हवं.

दुसरी चूक होकायंत्राची. कण क्षेत्राकडे तोंड करून गप्प उभा राहत नाही. तो गरगर फिरत असतो. ०.१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला आजूबाजूच्या वायूचे अणू सतत ठोकतात आणि नुसत्या त्या ठोकरांनीच तो सेकंदाला दहा हजारांहून जास्त फेऱ्या मारतो. फिरणाऱ्या लांबट वस्तूची ऊर्जा आतल्या आत घासून कमी होत गेली की ती शेवटी आखूड अक्षाभोवती फिरायला लागते. टेबलावर पेन्सिल गिरकी देऊन फिरवा, ती मधोमध धरल्यासारखी आडवी फिरते, तशी. कणाचा हा आखूड अक्ष चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला येतो. म्हणजे लांब बाजू क्षेत्राला *काटकोनात* गरगरत राहते.

आता दोन्ही जोडा. लांब बाजूच्या दिशेचं कंपन जास्त शोषलं जातं, लांब बाजू क्षेत्राला काटकोनात, तर उरलेला उजेड क्षेत्राला *समांतर* कंप पावतो. म्हणून ताऱ्याच्या ध्रुवणाची दिशा म्हणजे आकाशाच्या पटलावर दिसणारी चुंबकीय क्षेत्राची दिशा.

उत्तररात्र

@दुर्बीणवाला, न्यूटोनियनमध्ये ४५ अंशांवर एक तिरका आरसा असतो ना? तोच चोर आहे. ॲल्युमिनियमचा आरसा ४५ अंशांत दोन दिशांची कंपनं सारखी परावर्तित करत नाही, दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. अभिजितचे ३.१ आणि श्रवणचे ३.३ हे तुमच्या आरशाचे. म्हणूनच ध्रुवणमापी तिरक्या आरशाच्या आधी लावतात, किंवा दुर्बिणीत तिरका आरसाच ठेवत नाहीत.

कोनाचं म्हणाल तर ध्रुवणाला बाण नसतो, नुसती रेघ असते. ० आणि १८० एकच. त्यामुळे १७८ म्हणजे उणे २. उणे २ आणि २ ची सरासरी ०. कोनांची थेट सरासरी कधीच काढायची नाही. टक्केवारीला दुप्पट कोनाच्या कोसाइन आणि साइनने गुणून दोन आकडे करायचे (स्टोक्सनं १८५२ मध्ये हीच युक्ती दिली, क्यू आणि यू म्हणतात), बेरीज-वजाबाकी त्यांच्यावर करायची आणि शेवटी परत कोनात यायचं.

आणि हे केलंत तर दिसेल की तुमच्या यादीत एक बातमी दडलीय. फाय शर्मिष्ठेचे टक्के तेवढेच आले, पण कोन ३२ आहे. आरसा एकटाच असता तर कोन शून्याजवळ राहिला असता. तो ३० अंश सरकला, म्हणजे तिथे दुसरं काहीतरी मिसळलंय.

दुर्बीणवाला

उत्तररात्र, दंडवत. रात्रभर झोप नाही, वहीत हिशोब मांडून बसलोय.

आरसा: क्यू = ३.२, यू = ० (अभिजित आणि श्रवण मिळून).
फाय शर्मिष्ठा, जसा मोजला तसा: ३.३ ला दुप्पट कोन ६४ चे कोसाइन-साइन लावले. क्यू = १.४५, यू = २.९७.
वजा केलं: क्यू = उणे १.७५, यू = २.९७.

परत फिरवलं तर ३.४ टक्के, कोन ६० अंश!!

आरशाचे तीन आणि धुळीचे तीन मिळून सहा व्हायला हवेत असं मला वाटत होतं. दोन रेघांची बेरीज तीनच येऊ शकते हे कागदावर बघितल्याशिवाय पटलं नसतं.

भिंगरी

मी इथे फक्त प्रतिसाद वाचायला येते. पण हा हिशोब मीही करून बघितला. जमला. कोसाइन शाळेनंतर पहिल्यांदा उपयोगाला आला.

जुनाजाणता

या शोधाची जन्मकथा कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. दुर्बीणवाल्यांच्या बाबतीत जे झालं त्याच्या अगदी उलट झालं होतं.

१९४६ मध्ये चंद्रशेखर यांनी गणितानं दाखवलं, की अतितप्त ताऱ्यांच्या वातावरणात मोकळ्या इलेक्ट्रॉनांवरून उजेड विखुरतो, त्यामुळे ताऱ्याच्या *कडेचा* उजेड बऱ्यापैकी ध्रुवित असायला हवा. पूर्ण तारा बघितला तर चहूकडच्या कडा एकमेकींना काटतात आणि काहीच उरत नाही. पण ग्रहणी जोडतारा असेल, तर जोडीदारानं बराचसा भाग झाकला की एकच कड उघडी राहते, आणि तेवढा वेळ ध्रुवण दिसायला हवं. हिल्टनर आणि हॉल हे दोघं खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेत याच्याच मागे लागले. हिल्टनरनं टेक्सासच्या मॅकडॉनल्ड वेधशाळेतली ८२ इंची दुर्बीण वापरली.

ध्रुवण सापडलं. पण ग्रहण लागो वा सुटो, ते बदलेचना. जोडतारा नसलेल्या ताऱ्यांतही ते दिसायला लागलं. जवळजवळच्या ताऱ्यांत दिशाही एकच. आणि जो तारा धुळीमुळे जास्त तांबूस, त्याचं ध्रुवण जास्त. ताऱ्याचा काही संबंध नाही, हा वाटेतला मामला आहे, हे उघड झालं. दोघांचे निबंध 'सायन्स'च्या १९४९ मधल्या एकाच अंकात पाठोपाठ छापलेले आहेत. सोव्हिएत रशियात दोम्ब्रोव्स्कीनंही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच नोंदवलं.

शोधायला गेले ताऱ्याची कड आणि सापडलं आकाशगंगेचं चुंबकीय क्षेत्र. पुढे १९५१ मध्ये डेव्हिस आणि ग्रीनस्टाइन यांनी कण रांगेत का येतात तेही सांगून टाकलं. फिरणाऱ्या कणाचं द्रव्य चुंबकीय क्षेत्रात सतत नव्यानं चुंबकित होत राहतं, त्यात घर्षणासारखी ऊर्जा खर्च होते, आणि कण हळूहळू क्षेत्राला जुळवून घेतो. विषय तिथे संपला.

रेडिओवाली

जुनाजाणता काका, जन्मकथा फर्मास. शेवटच्या वाक्याशी मात्र असहमत. विषय तिथे संपला नाही, तिथे अडकला.

आकाशगंगेचं क्षेत्र किती आहे बघा. साधारण ५ मायक्रोगॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग), पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखाव्या भागाएवढं. एवढ्याशा क्षेत्रात डेव्हिस-ग्रीनस्टाइनची ती घासाघीस इतकी सावकाश चालते, की कण रांगेत यायच्या आत वायूचे अणू त्याला ठोकून परत वेडावाकडा करतात. कोष्टकात बसवायचं तर क्षेत्र प्रत्यक्षात आहे त्याहून बरंच जास्त धरावं लागतं. मग लोकांनी ठिगळं लावली. कणात लोखंडाचे सूक्ष्म गोळे धरू (जोन्स आणि स्पिट्झर, १९६७). कणाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू तयार होऊन सुटतात ते रॉकेटसारखे त्याला फिरवतात असं मानू (पर्सेल, १९७९). वाईट नव्हती ही ठिगळं, पण ठिगळंच.

आज ज्यावर बहुतेकांचा भर आहे ते वेगळंच आहे. कण गुळगुळीत चेंडू नसतो, वेडावाकडा असतो. त्याच्यावर उजेड पडला की तो भिरभिऱ्यासारखा फिरतो. भिरभिऱ्याची पाती वाकडी असतात म्हणून वारा समोरून आला तरी ते एकाच बाजूला फिरतं, तसंच. इथे वारा ताऱ्यांच्या उजेडाचा. डोल्गिनोव्ह आणि मित्रोफानोव्ह यांनी १९७६ मध्येच हे मांडलं होतं. वीस वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही, मग १९९६ मध्ये ड्रेन आणि वाइनगार्टनर यांनी संगणकावर वेड्यावाकड्या कणांचं गणित सोडवलं आणि परिणाम किती मोठा आहे ते दाखवलं.

मग चुंबकीय क्षेत्राचं काम काय? फिरणारी वस्तू फिरण्यामुळेच थोडी चुंबकित होते, याला बार्नेट परिणाम म्हणतात. त्यामुळे कण क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखा डुलायला लागतो. हे डुलणं वायूच्या ठोकरांपेक्षा कितीतरी जलद असतं, म्हणून क्षेत्र हाच त्याचा अक्ष ठरतो. क्षेत्र फक्त दिशा देतं, अंगमेहनत उजेड करतो.

जुनाजाणता

कल्पना देखणी आहे हे मान्य. पण देखण्या कल्पना मी पुष्कळ बघितल्यात. पुरावा?

रेडिओवाली

रास्त प्रश्न. उजेडच कणांना रांगेत आणत असेल तर जिथे उजेड पोचत नाही तिथे रांग मोडायला हवी. दाट रेण्वीय ढगाच्या गाभ्यात ताऱ्यांचा उजेड शिरत नाही, आणि गाभ्याकडे जाताना ध्रुवणाची टक्केवारी खरंच घसरते. याला 'ध्रुवणाचं भोक' म्हणतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर भोकाला दुसरंही कारण असू शकतं. गाभ्यात क्षेत्राची गुंतवळ असेल तर वेगवेगळ्या दिशा एकमेकींना काटतात. दोन्ही कारणं वेगळी करणं सोपं नाही, त्यावर अजून भांडणं चालू आहेत. पण डेव्हिस-ग्रीनस्टाइनला जे मुळातच जमत नव्हतं ते इथे ओढाताण न करता जमतं.

दुसरा एक पुरावा मला जास्त आवडतो. सगळी धूळ रांगेत येत नाही. ९.७ मायक्रॉनला सिलिकेटचा शोषणपट्टा आहे, तो ध्रुवित दिसतो. ३.४ मायक्रॉनला कार्बनी द्रव्याचा पट्टा आहे, आकाशगंगेच्या केंद्राकडे बघताना तो ध्रुवित सापडला नाही. म्हणजे वाळूच्या जातीचे कण शिस्तीचे, काजळीच्या जातीचे बेशिस्त. सिलिकेटमध्ये लोखंड असतं, ते क्षेत्राला धरून राहतात.

जुनाजाणता

हं. काजळीवाला मुद्दा नवीन होता मला. घेतो मागे 'संपला' शब्द. 'अडकला' मात्र मान्य नाही, 'रेंगाळला' म्हणा.

नुस्ताचवाचक

२०२१ मध्ये एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा ध्रुवित फोटो आला होता, त्यावर चक्राकार रेघा होत्या. तीही हीच धूळ का?

खडूफळा

नाही. तिथे धूळ टिकणं शक्य नाही. चुंबकीय क्षेत्राभोवती जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन स्वतःच ध्रुवित प्रारण सोडतात, त्याला सिंक्रोट्रॉन म्हणतात. रेघा बघून दोन्ही सारखे वाटतात, पण एक उजेड जन्मतःच ध्रुवित आणि दुसरा वाटेत बिघडलेला.

उत्तररात्र

आणि धूळ नुसती शोषत नाही, ती स्वतःही चमकते. ताऱ्यांच्या उजेडानं कण २० केल्विनच्या आसपास तापतात आणि दूरच्या अवरक्त व सबमिलिमीटर लहरी सोडतात. ज्या लांब बाजूनं जास्त शोषलं तीच जास्त सोडते. म्हणून उत्सर्जनात ध्रुवण क्षेत्राला *काटकोनात* असतं. नकाशे बघताना आधी शोषण आहे की उत्सर्जन ते विचारायचं आणि मग रेघा ९० अंशांनी फिरवायच्या की नाहीत ते ठरवायचं. न सांगता फिरवलेले नकाशे बघून मी एकदा भलताच निष्कर्ष काढून बसलो होतो.

रेडिओवाली

उत्सर्जनाचा विषय निघालाच आहे तर बायसेपची गोष्ट सांगते.

दक्षिण ध्रुवावर बायसेप-२ नावाची दुर्बीण होती. विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींनी वैश्विक पार्श्वप्रारणात (महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणात) एक विशिष्ट पिळाचं ध्रुवण उमटवलं असेल, त्याचा शोध चालू होता. १७ मार्च २०१४ रोजी त्यांनी जाहीर केलं की सापडलं, आणि त्या लहरींच्या जोराचं माप ०.२ आहे. पेपरांत मथळे, नोबेलच्या पैजा.

अडचण अशी होती की त्यांनी १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर बघितलं होतं. पार्श्वप्रारण आणि धूळ वेगळी करायची तर निदान दोन वारंवारता हव्यात, कारण धूळ वरच्या वारंवारतेला झपाट्यानं उजळ होते. प्लँक उपग्रह ३५३ गिगाहर्ट्झवर अख्ख्या आकाशातल्या धुळीचं ध्रुवण मोजत होता. त्याचे नकाशे सप्टेंबरमध्ये आले तेव्हा कळलं की बायसेपनं निवडलेला 'स्वच्छ' तुकडाही धुळीपासून मोकळा नाही. २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी मिळून हिशोब केला आणि ठोस असं काही उरलं नाही, फक्त एक वरची मर्यादा: ०.१२ पेक्षा कमी.

चंद्रशेखरांच्या कडा शोधताना धूळ आडवी आली, तेव्हा ती शोध ठरली. पहिल्या क्षणाच्या लहरी शोधताना आडवी आली, तेव्हा ती घोटाळा ठरली. धूळ तीच.

साडेसाती

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, आधी धूळ पुसा.

भिंगरी

🙂 साडेसाती, तुम्हाला दक्षिण ध्रुवावर पाठवायला हवं होतं.

एक विचारू? दिशा कळली, पण क्षेत्राची *ताकद* रेघांवरून कशी कळते? ५ मायक्रोगॉस हा आकडा कुठून आला?

खडूफळा

छान प्रश्न, आणि याचं उत्तर पुन्हा चंद्रशेखरांपाशीच जातं. १९५३ मध्ये त्यांनी आणि फर्मीनं मिळून एक युक्ती काढली.

चुंबकीय क्षेत्ररेषा ताणलेल्या तारेसारखी समजा. वायू खळबळत असतो, तो तारेला हलवतो. तार घट्ट असेल तर ती फारशी वाकत नाही, सैल असेल तर भरपूर लहरते. आता ध्रुवणाच्या रेघा बघा. शेजारशेजारच्या ताऱ्यांच्या रेघा जवळजवळ समांतर असतील तर क्षेत्र मजबूत, विस्कटलेल्या असतील तर क्षेत्र क्षीण. रेघांच्या कोनांचा विस्कटलेपणा, वायूची घनता आणि वर्णपटावरून वायूचा वेग, या तीन गोष्टी हाती आल्या की क्षेत्र काढता येतं. घनतेच्या वर्गमुळाला वेगानं गुणायचं, विस्कटलेपणानं भागायचं, आणि पुढे एक स्थिरांक. त्यांचं उत्तर ७ मायक्रोगॉसच्या आसपास आलं होतं. त्या काळात तुटपुंज्या मोजमापांवर एवढं जवळचं उत्तर!

पुढे संगणकावरच्या प्रतिकृतींतून दिसलं की ही पद्धत क्षेत्र साधारण दुपटीनं फुगवते, म्हणून आता निम्मं करून घेतात. दृष्टिरेषेत अनेक ढग एकामागोमाग असले की रेघांची सरासरी होते, विस्कटलेपणा खोटाच कमी दिसतो आणि क्षेत्र खोटंच जास्त येतं. म्हणून एकट्या या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये.

रेडिओवाली

भर घालते. धूळ फक्त आकाशाच्या पटलावरची रेघ देते, आणि रेघेला बाण नाही. आपल्याकडे येणारं की आपल्यापासून लांब जाणारं क्षेत्र, ते कळायला स्पंदकांच्या (पल्सारांच्या) रेडिओ लहरींचं फॅरेडे वलन (क्षेत्रामुळे ध्रुवणाची दिशा फिरणं) किंवा हायड्रोजनच्या रेषेतला झीमान परिणाम (क्षेत्रामुळे वर्णपटातली रेषा दुभंगणं) लागतो. तेही फक्त दृष्टिरेषेतला भाग देतात. म्हणजे एकाला रुंदी दिसते, दुसऱ्याला खोली. गेल्या काही वर्षांत गाया उपग्रहानं शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची अंतरं दिल्यामुळे मजा वाढलीय. जवळच्या ताऱ्यात ध्रुवण नाही, त्याच दिशेच्या लांबच्या ताऱ्यात आहे, तर धुळीचा ढग दोघांच्या मध्ये. असे लाखो तारे मोजले की क्षेत्राचा त्रिमितीय नकाशा होतो. पॅसिफे नावाचं सर्वेक्षण याचसाठी आहे, त्याची वॉलॉप ही ध्रुवणमापी उपकरणं पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतली.

नुस्ताचवाचक

काक्षी (बीटलज्यूस) हा एवढा तेजस्वी तारा, दुर्बीणवाले त्याच्यापासून का सुरू करत नाहीत? लांबही आहे.

उत्तररात्र

काक्षीचं ध्रुवण त्याचं स्वतःचं आहे. वातावरणात उसळणारे पेशीसारखे उमाळे, भोवतीची स्वतःचीच धूळ. महिन्यामहिन्याला बदलतं. आंतरतारकीय धुळीचं ध्रुवण ओळखायची सोपी खूण म्हणजे ते वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. दुसरी खूण रंगाची. ते हिरव्या-पिवळ्या उजेडात, साधारण ०.५५ मायक्रॉनला सर्वात जास्त असतं आणि निळ्याकडे व तांबड्याकडे दोन्हीकडे उतरतं. सेरकोव्स्कीच्या नावानं ओळखला जाणारा नियम. त्यावरून कणांच्या आकारमानाचाही अंदाज येतो.

@दुर्बीणवाला, आता आरशाचा वाद मिटवायचा असेल तर आरसाच काढा. टेलिफोटो लेन्स, तिच्यापुढे पोलरायझर. एकाच फोटोत फाय शर्मिष्ठेसोबत डेल्टा आणि ईटा शर्मिष्ठा येतील. डेल्टा १०० प्रकाशवर्षांच्या आत, ईटा अवघ्या १९ वर, दोन्हींत ध्रुवण नगण्य. त्यांच्या तुलनेत फाय किती कमी-जास्त होतो तेवढंच बघा. हवेचा, लेन्सचा, फिल्टरचा सगळा गोंधळ तिघांत सारखा, तो आपोआप जातो. फायच्या शेजारी एनजीसी ४५७ गुच्छातले बारके तारे दिसतील, त्यांना चुकूनही तुलनेला घेऊ नका. तेही त्याच धुळीमागे आहेत, त्यांच्याशी तुलना केली तर उत्तर शून्याकडे जाईल. चंद्र नसलेली रात्र निवडा, चांदण्यात आकाश स्वतःच ध्रुवित असतं. अपेक्षित फरक पूर्ण फेऱ्यात ०.०७ प्रतीचा. डोळ्याला कळणार नाही, कॅमेऱ्याला कळेल. फोकस किंचित बिघडवून ठेवा, तारा जास्त पिक्सलांवर पसरू दे.

दुर्बीणवाला

अठरा दिवस ढग होते. काल आकाश मिळालं.

१३५ मिमी लेन्स, आठ कोन (चारनं मन भरेना), प्रत्येकी चाळीस फोटो. संगणकावर तिन्ही ताऱ्यांचे आकडे काढले, डेल्टा-ईटाची सरासरी धरून फायची तुलना केली. आधी डेल्टा आणि ईटा एकमेकांशी तपासले, त्यांच्यात फरक ०.३ टक्क्यांच्या आत, गोंगाटात बुडालेला. मग फायचे आठ बिंदू आलेखावर टाकले. एक वर, एक मधला, एक खाली, परत वर. अर्ध्या फेरीत एक पूर्ण लाट. हातानं वक्र ओढायच्या आधीच दिसत होती.

उत्तर: ३.१ टक्के, कमी-जास्त ०.५.

दिशेसाठी मागोवा (ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणारी मोटर) बंद करून ताऱ्यांना फोटोत वाहू दिलं. ती वाहण्याची रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. तिच्यावरून फिल्टरचं शून्य बसवलं आणि उत्तरेकडून पूर्वेला मोजत कोन आला ९६ अंश. जुन्या न्यूटोनियनच्या फोटोंतही एक वाहता फोटो निघाला. तिथे पूर्व-पश्चिम रेघ फिल्टरच्या ५८ वर होती आणि माझं वजाबाकीचं उत्तर होतं ६०. म्हणजे तेही ९२ अंश.

मग नकाशा उघडला. शर्मिष्ठेत आकाशगंगेचा पट्टा पूर्व-पश्चिमच जातो. माझी रेघ त्या पट्ट्यावर जवळजवळ आडवी झोपलेली आहे.

खडूफळा

वा! प्रमाण किंमत ९३ च्या आसपासची आहे. वहीचं ते पान फाडू नका.

जुनाजाणता

अभिनंदन. हॉल आणि हिल्टनर यांनाही जवळजवळच्या ताऱ्यांत अशाच आडव्या रेघा दिसल्या होत्या. पुढचा तारा कुठला?

दुर्बीणवाला

ययातीतला जोडगुच्छ. तिथे बरेच तारे एकाच फोटोत येतील, सगळ्यांच्या रेघा समांतर येतात का ते बघायचंय. पण दुर्बीण लागेल, लेन्स पुरणार नाही, म्हणजे तो तिरका आरसा परत आला.

उत्तररात्र

येऊ दे. आता त्याचे क्यू आणि यू तुमच्याकडे आहेत. दुर्बिणीची नळी कड्यांमध्ये फिरवली नाहीत तर तेच चालतील, फिरवलीत तर अभिजित पुन्हा मोजा.

साडेसाती

आणि आरसा पुसू नका. पुसलात तर ३.२ चं काय होईल सांगता येत नाही.